चौथ्या प्लगचे आटे

आमच्या गाडीचा चौथा प्लग फक्त माझ्या हाताने निघायचा. बढाई मारायला सांगत नाही. पुढे जे झालं ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

गाडी जुनी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी, बाबांनी कितव्या हाताने घेतली होती देव जाणे. इंजिनाला चार प्लग. पुढचे तीन कुणीही काढावेत इतके सोपे, पण चौथा अगदी मागे, आतल्या पत्र्याला खेटून. बाबांचा पंजा तिथे शिरायचाच नाही. आयुष्यभर भातशेती केलेली, खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकलेला, त्यामुळे बोटं जाडजूड आणि मनगट रुंद. "बाय, तुजा हात बारीक हाय, तूच घाल," असं ते म्हणायचे आणि मी बाही वर सारून इंजिनावर वाकायचे. माझा धाकटा भाऊ तेवढ्या वेळात आरशात बघून केस विंचरायचा. त्याला गाडी चालवायला हवी असायची, तिच्या पोटात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

आमचं गाव मानकोलीच्या अलीकडे. मी कॉलेजात होते तेव्हा रस्त्यालगतची आमची जमीन गोडाऊनसाठी गेली आणि जिथे आम्ही चिखलात उभं राहून लावणी करायचो तिथे पत्र्याच्या छपराखाली कुठल्या कुठल्या कंपन्यांची खोकी येऊन बसली. गावात ज्याच्या त्याच्या दारात गाडी आली. लोकांनी नव्या कोऱ्या घेतल्या, बॉनेटवर हार घालून मिरवल्या. बाबांनी मुद्दाम जुनी घेतली. नवी गाडी आपल्याला उघडून बघता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेतावरचा पाण्याचा पंप ते स्वतः खोलायचे, तशी गाडीही स्वतःच खोलायची हा त्यांचा हट्ट. धामणकर नाक्यावरच्या गॅरेजवाल्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "नवा प्लग सांगतान न जुनाच घासून घालतान," असं ते गावभर सांगत फिरायचे. खोटं बोलणाऱ्या माणसाचा त्यांना फार तिटकारा होता. हे वाक्य लिहिताना आता माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

प्लगचं काम रविवारी सकाळी. रात्रभर उभी राहून गाडी गार झालेली असायची. गरम इंजिनाचा प्लग काढायचा नाही, हा बाबांचा पहिला नियम. प्लग लोखंडाचा, आणि इंजिनाच्या वरच्या भागात, ज्या हेडात तो फिरवून बसवायचा, ते मऊ धातूचं. त्या भोकाच्या आत स्क्रूसारखे आटे असतात. गरम असताना ओढाताण केली किंवा प्लग तिरका घुसवून वर पान्याने जोर केला, तर प्लगला काही होत नाही, आतले आटे सोलून निघतात. मग प्लग तिथे टिकत नाही आणि इंजिन खोलून बसावं लागतं. म्हणून पाना सगळ्यात शेवटी. आधी पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवायचा, प्लग भोकात सोडायचा आणि नळी दोन बोटांत धरून फिरवायची. प्लग सरळ बसत असेल तर गरागरा फिरत आत जातो. तिरका असेल तर नळीच घसरते, प्लग जागचा हलत नाही. "बोटांना कलतं. पान्याला काय कलत न्हाय," असं बाबा म्हणायचे. मला ते शिकायला फार आवडायचं. चौथ्या प्लगशी डोळ्यांचा उपयोगच नव्हता, तिथे काही दिसायचंच नाही. बोटांनीच बघायचं.

या कामात माझी स्वतःची अशी एकच भर होती. प्रत्येक प्लगवर एक तार येते, आणि एक तार दुसरीच्या जागी गेली की गाडी खोकत बसते, चालत नाही. सुरुवातीला एकदा माझ्याकडून तसं झालं आणि अख्खी सकाळ शोधाशोधीत गेली. आमच्या घरामागच्या गाळ्यात पॉवरलूम होते. तिथले एक उत्तरेकडचे चाचा शिफ्ट संपली की अंगणातल्या नळावर हातपाय धुवायला यायचे. त्यांच्याकडून मी रंगीत सुताचे तुकडे मागून घेतले. "ले जाओ बिटिया, यहाँ तो यही उड़ता है," असं म्हणत त्यांनी मूठभर दिले. पहिल्या तारेला लाल, दुसऱ्या तारेला निळा, तिसरीला पिवळा आणि चौथीला हिरवा. गाठ मारली ती जाळं विणतात तेव्हा मारायची, बाबांनी लहानपणी शिकवलेली, ओढली की जास्तच आवळणारी. बाबा बघून खूश झाले. आल्यागेल्याला बॉनेट उघडून दाखवायचे, "ही आमच्या बायची अक्कल." रंग लक्षात ठेवायचं काम मात्र माझ्याकडेच होतं. त्यांना ते कधी पाठ झाले नाहीत.

कॉलेज झाल्यावर मला मानकोलीच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात नोकरी लागली. माल आला, माल गेला, कुठली गाडी कुठे लावायची, असलं काम. बाहेरच्या कुणाला त्यात काय वाटणार, पण मला ते फार प्रिय होतं. ट्रकवाले मला "मॅडम" म्हणायचे आणि माझ्याशी वाद घालून हरायचे. याच सुमारास मी गाडी चालवायला शिकले, लायसन्सही काढलं. मग कल्याणचं स्थळ आलं. माणसं चांगली होती. फक्त सासऱ्यांनी एवढं म्हटलं की नोकरी करायला हरकत नाही, पण तिन्हीसांजेला सुनेने मानकोलीहून रिक्षा बदलत बदलत कल्याणला येणं त्यांना बरं वाटत नाही. साखरपुड्याच्या मांडवात हे बोलणं निघालं तेव्हा मी आत बसले होते, पण कान बाहेर. बाबा उठून उभे राहिले. सगळ्या पाहुण्यांसमोर, दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांसमोर ते म्हणाले, "माजी बाय रिक्षान कशाला येल? लगीन जाल्यावर पाचपरतवनाला येल, तवा जाताना गाडी घेवून जाल. त्या गाडीला तिचाच हात लागलाय. ती तिचीच हाय."

मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की कुंकू लावायला आलेल्या बाईने विचारलं, अगो रडतेस काय.

लग्नाआधीचे दिवस आमच्याकडे कसे असतात ते आमच्या लोकांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना सांगून खरं वाटणार नाही. हळदीला अख्खं गाव जेवतं, लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "लग्नान गाडी लई फिरल. नवं प्लग आनलंय, घालून टाक." मी आनंदाने बसले. माझीच गाडी, मीच तयार करणार. तीन प्लग झाले आणि चौथा काढला, तोच आतून हाका सुरू झाल्या. चुडा भरायला कासारीण आली होती. नवरीने थांबवलं तर कासारीण रागावते, म्हणून मी तशीच हात धुऊन गेले. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरले. भरताना बायकांनी दहादा बजावलं, आता यातली एकही फुटता कामा नये, लग्नाच्या चुड्यातली बांगडी फुटली तर वाईट.

आणि मी त्या भरल्या हाताने परत गाडीपाशी आले. चौथ्याचं भोक उघडं ठेवून गाडी कशी सोडायची, त्यात कचरा गेला तर? बांगड्यांवर ओढणी गुंडाळली, हात आत घातला. हात नेहमीसारखा जाईना. ओढणीतूनही बांगड्या पत्र्याला लागून किणकिणत होत्या आणि दर किणकिणीला माझा जीव वर. आतून मावशी ओरडत होती. बाबा बाजूला उभे राहून बघत होते. मी नळीने प्लग फिरवला, पान्याने आवळला, हिरव्या धाग्याची तार वर दाबली आणि हात बाहेर काढून आधी बांगड्या बघितल्या. सगळ्या शाबूत. बाबांनी किल्ली फिरवली, गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. "बघ," ते म्हणाले. मी हसले.

पाचपरतवनाला, म्हणजे लग्नानंतर पाचव्या दिवशी, नव्या नवरीने माहेरी यायचं असतं. मी आणि नवरा आलो. अंगणात गाडी नव्हती. जिथे ती उभी असायची तिथे तेलाचा काळा डाग होता आणि त्यावर कोंबड्या. मला वाटलं, धुवायला नेली असेल, सजवून आणणार असतील. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "गाडी गेली, बाय. तू गेल्यावर दुसऱ्या दिशी मी भायेर काढली, न चवथा प्लग बंदुकीसारखा उडाला. हेडाचं आटं सगलं सोललं. इंजिन खलास. भंगारवाला घेवून गेला."

मी विचारलं, "माझ्याकडून?"

"बांगड्या भरलेल्या हातानं आवललास ना. मी तवाच बोलनार व्हतो. बोललो, जाऊ दे, पोरीचं लगीन हाय."

आई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "जाऊ दे गो. तुजा चुडा शाबूत ऱ्हायला ना, तोच मोठा शकून." ती कपात बघत होती. मला वाटलं, तिला माझ्यासाठी वाईट वाटतंय.

मी एका शब्दाने शंका घेतली नाही. कशी घेणार? ज्या माणसाने मला शिकवलं की गाडी खोटं बोलत नाही, तोच सांगत होता. आणि ती किणकिण माझ्या कानात होतीच. त्यानंतर मी किती वेळा ती सकाळ आठवून बघितली. नळी मी पुरती फिरवली होती का? प्लग आपसूक आत गेला होता की मीच घाईत पाना लावला होता? जितकं आठवावं तितकं सगळं धूसर होत जायचं, आणि शेवटी माझी खात्रीच पटली की पाना मी लवकर लावला. माणसाला आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला लावणं किती सोपं असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

गाडी नाही म्हटल्यावर नोकरी सुटली. सासरच्यांनी जोर केला नाही. "रिक्षाने जातेस का बघ," असं सासूबाई म्हणाल्यासुद्धा. पण सासऱ्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि कुठल्या तोंडाने हट्ट करायचा? गाडी मिळाली होती, मीच ती घालवली होती. नोकरीचं दुःख होतंच, पण त्याहून वाईट हे की माझ्या हातांवरचा माझा भरवसा गेला. बरणीचं झाकण लावताना ते आडवं तर बसलं नाही ना, म्हणून मी दोनदा काढून बघायचे. गॅसचा रेग्युलेटर नवऱ्याकडून बसवून घ्यायचे. एकदा त्याची स्कूटर सुरू होईना. तो कौतुकाने म्हणाला, "तुला येतं ना प्लगचं?" मी म्हटलं, "माझ्या हाताने नको," आणि आत जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच. त्या स्कूटरला मी कधी हात लावला नाही.

दोन-तीन वर्षं गेली. एकदा गणपतीच्या आधी मी एकटीच माहेरी निघाले होते. कल्याणहून आलेल्या रिक्षाने धामणकर नाक्यावर सोडलं. तिथून गावाकडची शेअर रिक्षा पकडायची. नाका नेहमीसारखा तुंबलेला, सुताची बोचकी लादलेले टेम्पो एकमेकांच्या अंगावर. आणि मधोमध एक निळी गाडी झटके देत होती, बंद पडत होती, पुन्हा सुरू होत होती. मागून सगळे हॉर्न वाजवत होते. मला न बघताच कळलं, चारातला एक प्लग ठिणगी मारत नाहीये. लंगडत चालणाऱ्या माणसाची पावलं ऐकू येतात तसा आवाज असतो तो. किती तरी दिवसांत मी कान असे टवकारले नव्हते.

गाडीतून उतरला तो माझा आतेभाऊ. आत्या, म्हणजे बाबांची सख्खी बहीण, अकलोलीला दिलेली. हा तिचा मोठा मुलगा. मला आनंद झाला, मी पिशवी सावरत धावले. दोघा-तिघांनी ढकलून गाडी एका कापडाच्या दुकानापुढे आणली. मला बघून त्याचा चेहरा मात्र असा झाला की मला वाटलं, घरी काही वाईट तर घडलं नाही ना.

"ताय, तू? तू जा ना. रिक्षा भरतेय बघ. मी बगतो हिचं."

"अरे, प्लग मारत नाहीये तुझा. उघड, बघू."

"नको, नको. हात कालं होतील तुजं."

आणि चक्क बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मला हसू आलं. मी म्हटलं, "काळ्या हातांचं मला सांगतोस?" आणि त्याला बाजूला सारून बॉनेट उघडलं.

लाल. निळा. पिवळा. हिरवा.

सूत तेलाने मळून काळपटलं होतं, पण रंग होते. आणि गाठ माझी होती. बाहेरून निळा रंग मारलेला होता, पण बॉनेटच्या आतला पत्रा तसाच जुना, पांढरा. मागच्या कोपऱ्यात चौथ्या प्लगवर हिरव्या धाग्याची तार जिथल्या तिथे होती. मी म्हटलं, "इंजिन गार होऊ दे. गरम असताना प्लग काढायचा नाही."

आम्ही त्या दुकानाच्या पायरीवर बसलो. तो माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आला. मी तो हातात धरून बसले. त्याला गप्प बसवेना. माणूस साधा आहे, त्याच्यावर माझा राग नाही.

"तुला वाईट वाटलं ना, ताय? तुज्यासमोर आनायची न्हाय असा मामा बोललेलं. म्हनून तू असलीस का आमी गाडी गावाभायेर ठेवून चालत यायचो."

"तुला कधी दिली?"

"तुज्या वरातीच्या दुसऱ्या दिशी. मामा सोता घेवून आलं अकलोलीला. जमिनीच्या वक्ताला माज्या आयनं हक्क सोडल्याची सही केली, एक शब्द बोलली न्हाय, म्हनून मामा बोललं, भाच्याला गाडी. मी कुंडावरच्या पावण्यांची ने-आन करतो हिच्यावर. गरम पान्यावर लई लोक येतान."

"आणि इंजिन? इंजिन खोललं होतंस ना?"

"इंजिन?" त्याला प्रश्नच कळला नाही. "इंजिनाला कवा हात न्हाय लावला. एक नंबर हाय. मामा बोललेलं, ह्ये धागं काढू नको, आमच्या बायनं बांधलंन, ह्याच्यावरच गाडी चालते."

रसाचा ग्लास मी पायरीवर ठेवला. मला आठवलं, भावाच्या साखरपुड्याला आत्याकडची सगळी धूळभरल्या पायांनी दारात आली होती आणि मी आत्याची थट्टा केली होती, आत्या, अजून चालतच का, मुलाला गाडी घ्यायला सांग की. तिने पदर सारखा केला होता आणि दुसरीकडे बघितलं होतं. माझा भाऊ तिथेच उभा होता. आई, मावशी, शेजारचे, सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकटी माझे हात पदराखाली लपवून त्या घरात वावरत होते आणि बाकी सगळे मला बघत होते. चीड आली, लाज वाटली, आणि या दोन्हींच्या खाली लहान मुलीसारखं रडू येत होतं. फसवतात ते परके असतात, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

गाडी गार झाली. डिकीत आमच्याच घरचा प्लगचा पाना होता आणि त्याच फडक्यात रबरी नळी. मी आधी चौथ्याकडेच गेले. कुठला प्लग मारत नाही हे शोधायला कुठूनही सुरुवात केली असती तर चाललं असतं, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. मनगटात दोनच बांगड्या होत्या, त्या वर सारल्या. हात आत गेला. तार काढली, पाना लावला, हलका झटका दिला, आणि पुढे प्लग बोटांनीच फिरत बाहेर आला. काळाकुट्ट, तेलाने माखलेला. तोच मारत नव्हता. घासला, पुसला, नळीवर चढवला आणि आत सोडला. दोन बोटांनी फिरवायला लागले.

तो गरागरा फिरत गेला. कुठे अडला नाही, कुठे खरखरला नाही. अगदी तळाशी जाऊन टेकला. ते आटे कोणीही, कधीही सोललेले नव्हते. माझा हात इंजिनात, डोकं बॉनेटखाली, आणि मी रडत होते. आतेभाऊ घाबरून म्हणत होता, "ताय, भाजला काय?"

गाडी सुरू केली. चारही प्लग व्यवस्थित मारायला लागले. मग मी ती पुन्हा बंद करायला लावली आणि एकेका तारेवरची गाठ सोडवायला बसले. त्या गाठी सहज सुटत नाहीत. नखांनी सोडवल्या. तो म्हणाला, "ताय, मामा बोललेलं काढू नको." मी म्हटलं, "मामाला सांगते मी." घरापर्यंत सोडतो म्हणत होता. मी शेअर रिक्षानेच गेले.

बाबा ओट्यावरच होते. माझे हात बघून त्यांनी विचारलं, "ह्ये काय कालं केलंस?" मी चारही धागे त्यांच्यासमोर लादीवर ठेवले.

"भंगारातून आणलेत," मी म्हटलं.

त्यांनी बघितलं. आई दारात येऊन थांबली. बाबांनी खाकरलं, उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "बहिनीचा पन माज्यावर हक्क हाय. तिनं कवा तोंड उघडला न्हाय."

"मग द्यायची ना तिला. मला सांगायचं, देत नाही म्हणून. मी काय केलं असतं?"

"भांडली असतीस."

"भांडले असते! एक दिवस रडले असते, दोन दिवस बोलले नसते. बाबा, माझ्या हातांवर का घातलं तुम्ही?" माझा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. जाऊ दे म्हटलं. "मी नोकरी सोडली. मी स्वतःच्या घरात बरणीला हात लावायला घाबरते. मला वाटत होतं मी तुमची गाडी मारली."

त्यांनी मान खाली घातली नाही. हिशेबी माणसाला व्यवहार समजावून सांगावा तसं ते शांतपणे म्हणाले, "दुसऱ्यानं घेतला म्हंजे मानूस भांडतंय, बाय. आपल्या हातून गेला म्हंजे गप बसतंय. तू गप बसलीस का न्हाय? सगल्यांचा निभावला."

आई आत गेली. एक भांडं उगाच वाजलं.

मी चपला घातल्या. थांबायचं नव्हतंच. गणपती यायचे होते, मोदक व्हायचे होते, पण मला त्या घरात पाणीसुद्धा नको होतं. मी पिशवी उचलली तेव्हा बाबा धागे हातात घेऊन उलटेसुलटे करून बघत होते. लाल वेगळा काढला. बाकीच्यांपाशी अडले.

"त्या पोराचं पोट हाय त्या गाडीवर," ते म्हणाले. "उद्या तारा काढल्यान न इकडच्या तिकडं जाल्या तं त्यो काय करल? मी जाऊन बांदून येतो." मग माझ्याकडे वर बघून, अगदी पूर्वीच्या रविवारच्या आवाजात त्यांनी विचारलं, "पिवला दुसऱ्याला ना, बाय?"

ते मलाच विचारत होते. होय म्हटलं असतं तर त्यांनी तसंच बांधलं असतं, आतेभावाने तारा जुन्याच क्रमाने लावल्या असत्या, आणि कधी तरी अकलोलीच्या रस्त्यावर गाडी खोकत बसली असती. आपल्याच हातांनी ती बिघडली, असं मग त्या पोराला वाटत राहिलं असतं.

"दुसऱ्याला निळा," मी म्हटलं. "पिवळा तिसऱ्याला. हिरवा चौथ्याला." आणि पायऱ्या उतरले.